त्याचं ते

“ह्या वहिनी बसतात तरी कधी? जिन्यात वहिनी, नळावर वहिनी. सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर दारात टॉवेल घेऊन उभ्या. टॉवेल द्यायला नव्हे, बघायला.”

हिम्मतरावांनी आपल्या मते आवाज दाबला होता. पण स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिवाजींनी जो पत्रा मारला होता, तो दाबलेला आवाज जास्तच नीट पोचवतो, हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार? पत्र्याच्या अलीकडे त्या वहिनी, म्हणजे भिवाजींच्या बायको सरुबाई, ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्यांचा हात थांबला. राग नाही आला. माणूस खरं बोलला तर त्यावर रागवायचं कशाला? बघतच होत्या त्या. बघण्यासारखं होतं म्हणून.

“हळू,” माधवी म्हणाली. “त्यांना काही कळायला नको. त्याचं ते अजून गेलं नाही, सर.”

“जाईल. रविवारी जाईल.”

“आणि नाही गेलं तर?”

चहाचा भुरका तेवढा ऐकू आला.

सरुबाईंनी हात पुन्हा परातीत घातला, पण आता ते मळणं राहिलं नव्हतं, पिठाला मार पडत होता. ‘त्याचं’ म्हणजे अमरदीपचं, एवढं उघड होतं. ‘ते’ म्हणजे काय?

तशी ही तिघं आकाशातून उतरणारी माणसं. पण हैदराबादेत उतरली ती गौलीगुड्यात, भिवाजींच्या घरी. हिम्मतराव म्होरके, पन्नाशीचे, सैन्यातून निवृत्त झालेले. माधवी लातूरकडची, केस मुलासारखे कापलेली, हसताना तोंडावर हात ठेवणारी. आणि तिसरा घरचाच, अमरदीप. कुठे उरूस, कुठे कारखान्याचा वाढदिवस, कुठे पुढाऱ्याची हौस. बोलावणं आलं की त्या गावी जायचं, लहानशा विमानातून वर चढायचं, पायाला रंगीत धूर बांधून उड्या टाकायच्या, आणि लोकांच्या माना दुखायच्या थांबायच्या आत पुढच्या गावाची वाट धरायची, असा यांचा धंदा. हा रविवार शहराबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर होता. विमान आणि विमानवाला तिथेच मुक्कामी होते. बाकीच्यांना भिवाजींनी लॉजवर जाऊ दिलं नाही. “माझं घर असताना?” असं त्यांनी इतक्या मोठ्यानं विचारलं की समोरच्या घरातली माणसंही गप्प झाली.

अमरदीप भिवाजींच्या धाकट्या भावाचा मुलगा. आई आधीच गेली होती, बाप गेला तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा. भिवाजी त्याला परभणीकडच्या गावाहून घेऊन आले, सरुबाईंनी दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली, आणि तेव्हापासून तो यांचा. बँकेत लागेल, कोठीच्या बाजारात दुकान टाकेल, काहीही करेल असं वाटत होतं. त्यानं विमानातून उडी टाकली.

भिवाजी आबिड्सच्या पोस्टातून निवृत्त झालेले. घरात पुस्तकं, पुस्तकांत खुणा, आणि बोलणं पुस्तकासारखंच. गावाकडची बोली त्यांनी पोस्टात लागताना जी घडी घालून ठेवली ती पुन्हा उलगडली नव्हती. या घरात नवस नाही, उपास नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला काही काम असेल असं समजायचं. आणि एक शब्द बंद. “भिवाजीच्या घरात भ्यायचं नसतं,” असं ते म्हणत. नावावरून कोणी हसलंच तर भिंतीवरच्या, निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट करत. “त्यांचंही लहानपणचं नाव भिवाच होतं. बघा त्यांच्याकडे, आणि मग सांगा.” तसबिरीकडे बघून कोण काय सांगणार? घरात कोणाला उंदराचीसुद्धा भीती वाटत नसे. निदान तसं ठरलेलं होतं.

असल्या माणसाचा पुतण्या आभाळातून उडी मारतो म्हटल्यावर काय विचारता. भिवाजींनी विहारात उभं राहून सांगितलं, गल्लीत सांगितलं, भाजीवाल्याला दोनदा सांगितलं. रविवारी सगळ्यांनी बघायला यायचं म्हणून ख्वाजाची मिनीबस ठरवली. सरुबाईंना फक्त एकाच गोष्टीचं नवल वाटे. इतका उत्साह असलेला माणूस सारखा गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत होता. “पाऊस येईल काय गं?” असं रोज विचारायचा. “ढग असले तर कार्यक्रम रद्द होतो म्हणे.” एवढं ऊन पडलेलं असताना.

पण त्या दिवशी सरुबाईंना ‘ते’चा पत्ता लावायचा होता. त्यांच्या हिशेबात ते म्हणजे एकच असू शकत होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, आणि दिवेलागणीनंतर पुरुषमंडळी त्याचं नाव न घेता, दुसरंच काहीतरी आणायला निघाल्यासारखी तिकडे जात. जात नाही, सुटत नाही, घरच्यांना कळू द्यायचं नाही, ही सगळी लक्षणं त्याचीच. त्यांनी अमरदीपचे शर्ट धुवायला म्हणून गोळा केले आणि मोरीत उभं राहून एकेक हुंगला. साबण, पेट्रोल, घाम. दारू नाही. समाधान व्हायला हवं होतं, झालं उलटंच. वास न येणारंही काही असतंच की हल्ली.

दुपारी त्यांनी अंबाडीची भाजी केली. इथे तिला गोंगुरा म्हणतात आणि जो तो ती आपलीच म्हणतो. पण अमरदीप लहानपणी ही भाजी असली की भाकरी मोजू द्यायचा नाही. आज त्यानं घास ताटाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेला आणि परत आणला.

“जेव की रे.”

“नक्को काकू. पोट भरलंय.”

“कशानं? हवेनं?”

तो हसला. त्याची मराठी अर्धी घरात आणि अर्धी कोठीच्या बाजारात शिकलेली, पण हसणं पूर्ण घरचं होतं. ते आज तोंडापर्यंतच आलं, डोळ्यांपर्यंत चढलं नाही. शेजारी बसलेल्या माधवीनं पटकन त्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून स्वतःच्या ताटात घेतली, जशी काही तिलाच भूक होती. सरुबाईंच्या कपाळाला आठी पडली. ताटातलं उचलण्याइतकं झालं आहे तर.

शुक्रवारी त्या वाळवणाला म्हणून गच्चीवर गेल्या. वाळवण काही नव्हतं. सूप तेवढं हातात होतं. गच्चीवर ताडपत्री अंथरून तिघांनी छत्र्या पसरल्या होत्या. पॅराशूट म्हणायचं असतं, पण सरुबाई छत्रीच म्हणत, आणि त्यांच्यापुढे अमरदीपही छत्रीच म्हणे. लाल-निळं कापड, त्याच्या बारीक दोऱ्या, ते सगळं दाबून, हवा काढून, घड्या घालून एवढ्याशा पाठीवरच्या पिशवीत बसवायचं. रजई उशीच्या खोळीत भरावी तसं. मागे एकदा अमरदीपनंच त्यांना सांगितलं होतं, “काकू, ज्याची छत्री त्यानं भरायची. नवरा-बायको असले तरी. उद्या उघडली नाही तर दुसऱ्याला बोल लागायला नको.” ते त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, कारण संसारातही असं एखादं काम असावं असं त्यांना फार वाटे.

आज अमरदीप भिंतीला टेकून उभा होता. हात खिशात. त्याची छत्री माधवी भरत होती.

सरुबाई तशाच खाली आल्या. संध्याकाळी माधवी स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसली तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांचं सहज कोणालाच सहज वाटत नसे, ते सोडा.

“काय गं, तुमच्यात ज्याची छत्री त्यानं भरायची असते ना?”

माधवीच्या नखात लसणाची पाकळी तुटली. “हो काकू. पण त्याचा खांदा धरलाय.”

“कुठला?”

“उजवा.”

थोड्या वेळानं सरुबाई तेलाची वाटी घेऊन अमरदीपकडे गेल्या. “दाखव खांदा. चोळून देते.”

“कुठला खांदा?”

“तेच विचारते.”

त्यानं एकदा वाटीकडे बघितलं, एकदा दाराकडे. “हां, खांदा. बरा आहे आता. टेन्शन नक्को घेऊ.” आणि डावा खांदा हलवून दाखवला.

त्या रात्री सरुबाईंच्या मनानं जो रस्ता धरला तो काही चांगल्या वस्तीतून जात नव्हता. मुलगी त्याच्या ताटातलं उचलते. त्याची छत्री भरते. खोटं बोलते. आणि म्होरक्या म्हणतो, रविवारी जाईल. काय जाईल? छत्री भरणाऱ्यानं एक दोरी चुकीची घातली तर काय जाईल? माधवी त्यांच्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या गादीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. सरुबाईंनी तिच्या अंगावर चादर ओढली आणि मग स्वतःचाच राग आला. संशय घ्यायचा आणि चादरही घालायची. धड एक काही जमत नाही आपल्याला.

शनिवारी दुपारी हिम्मतराव आणि माधवी धावपट्टी बघायला गेले. अमरदीप वरच्या खोलीत झोपलाय असं भिवाजींनी सांगितलं. सरुबाई जिना चढल्या. पिशवी उघडून बघायची, एवढंच ठरलं होतं. छत्रीतलं त्यांना काय कळणार होतं? पण दुसऱ्यानं भरलेला डबा उघडून बघितल्याशिवाय त्यांना आयुष्यात कधी चैन पडलं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं. अमरदीप झोपला नव्हता. खोलीच्या मध्यभागी उभा होता, छत्रीची पिशवी पाठीवर घट्ट बांधून, डोळे मिटून. त्याचा उजवा हात मागे कमरेशी जात होता. तिथे पिशवीच्या तळाला एक छोटी मूठ असते, ती ओढली की छत्री सुटते. हात मुठीपर्यंत पोचायचा आणि थरथरायला लागायचा. मग तो डाव्या हातानं उजवं मनगट धरून पुढे आणायचा, थांबायचा, पुन्हा मागे न्यायचा. पुन्हा तसंच. मूठ एकदाही त्याच्या बोटांत आली नाही. आणि ओठ हलत होते.

“ते आलं तर येऊ दे. ते आलं तर येऊ दे.”

सरुबाईंनी जिन्याचा कठडा धरला.

नऊ वर्षांचा पोरगा, नव्या घरात, अंधारात त्यांचा पदर ओढत असे. या घरात तो शब्द काढायचा नाही हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शहाणं पोर. त्यानं शब्द काढलाच नाही. म्हणायचा, “काकू, ते आलंय.” आणि सरुबाई झोपेतच म्हणायच्या, “आलं तर येऊ दे. तू इकडे सरक.” किती महिने चाललं होतं ते. मग बंद झालं, आणि त्या विसरूनही गेल्या. घरात जन्मलेला शब्द, आणि त्यांनी त्याचा अर्थ दारूच्या दुकानात जाऊन शोधला होता.

त्या आत गेल्या नाहीत. आपण बघितलं हे त्याला कळलं तर तो बघवणार नाही असा हसेल, एवढंच त्या वेळी सुचलं. वळल्या तर जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत भिवाजींचं चष्म्याचं घर पडलेलं. म्हातारा उद्या डोकंसुद्धा विसरेल, असं पुटपुटत त्यांनी ते कमरेला खोचलं आणि खाली येऊन भिवाजींच्या हातात दिलं.

संध्याकाळी हिम्मतराव नळावर पाय धुवायला गेले तर तिथे वहिनी उभ्या. या वेळी टॉवेलही नव्हता.

“कधीपासून?” सरुबाईंनी विचारलं.

हिम्मतरावांनी पाय धुवून घेतले, नळ बंद केला आणि मग बोलले. “वरंगलपासून. छत्री उघडली, पण दोऱ्यांना पीळ पडला. त्यानं ती कापून टाकली, राखीव उघडली. सगळं बरोबर केलं हो. कापसाच्या रानात पायांवर उतरला. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.”

“आणि मग?”

“मग दोनदा वर गेला आणि विमानात बसून तसाच खाली आला. आम्ही सांगितलं, वारा बरोबर नव्हता.”

“त्याला विचारलं का कोणी?”

“विचारायचं नसतं, वहिनी. आमच्यात तशी रीत आहे. जमिनीवर तो शब्द काढला की तो माणसात बसतो. न बोलता एक उडी झाली की ते जातं.”

“म्हणजे तुमच्यातही देवऋषी आहेच म्हणा. आणि वर गेल्यावर हात चालला नाही तर?”

“राखीव छत्रीला यंत्र असतं. ठरावीक उंचीवर आली की आपोआप उघडते.”

“नेहमी?”

हिम्मतरावांनी खांद्यावरच्या पंच्यानं कोरडे झालेले हात पुन्हा पुसले. “आजवर तरी.”

“तुम्ही म्होरके ना? सांगा त्याला, राहू दे म्हणून.”

“मी सांगितलं तर मी त्याला काढला असं होईल. पुन्हा उभा राहणार नाही तो. त्यानं आपण होऊन म्हणायला हवं. मी त्याला म्हटलं, या खेपेला तब्येतीचं सांगू. तर म्हणाला, सर, काकांनी बस केलीय.”

माधवी नळाच्या पलीकडे कपडे वाळत घालत होती, तिनं सगळं ऐकलं असणार. तिचे डोळे भरले होते. छत्री तिनं का भरली हे आता वेगळं विचारायची गरज नव्हती. थरथरत्या हातांनी भरलेल्या छत्रीवर तिचा विश्वास नव्हता, आणि त्याच्यावर होता.

रात्री जेवणं उरकल्यावर सरुबाई भिवाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते उद्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. एकच बाही कितीदा तरी.

“अहो, अमरचं ते—”

“कुठलं ते?” भिवाजींनी इतक्या झटकन विचारलं की इस्त्री बाहीवरून घसरली. मग स्वतःच म्हणाले, “उद्या लवकर उठायचं आहे. मंडळी वेळेवर येतील.” आणि जरा थांबून, “पाऊस येईल काय गं?”

तसबीर समोरच होती. आता शब्द काढावा तर भिवाजी बोट दाखवणार, अमरदीपच्या कानावर जाणार, आणि तो पोरगा मेला तरी उडी मारणार. आणि दुसरंही एक होतं. जमिनीवर बोललं की बसतं, हे हिम्मतरावांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून निघत नव्हतं. जन्मभर मांजरांना खुशाल आडवं जाऊ दिलं, आणि या वयात एका शब्दापुढे पाय अडला. सरुबाई मागे फिरल्या.

रविवारी आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. भिवाजी दोनदा गच्चीवर जाऊन आले. गल्लीच्या तोंडाशी मिनीबस लागली, विहारातल्या बाया पांढरी लुगडी नेसून, डबे घेऊन चढल्या. कोणीतरी फुलांचा हार आणला होता. ख्वाजानं हॉर्न वाजवला. “चाचा, निकलना क्या? धूप चढ री.”

अमरदीप जिना उतरून आला. पिशवी पाठीवर होती. शेवटच्या पायरीवर बसून त्यानं बूट घातले आणि लेस बांधायला लागला. एक गाठ सुटली. दुसरी सुटली. बोटांना लेस सापडेना. दारात हिम्मतराव उभे, चौकटीला टेकून माधवी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सरुबाई. सगळे त्या लेसकडे बघत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

“झोप झाली नसेल रात्री,” माधवी म्हणाली.

“इथला उकाडा भारी आहे,” हिम्मतराव म्हणाले.

“पित्त झालं असेल,” सरुबाईंच्या तोंडून गेलं. “लिंबू पिळून आणते.” बोलल्या आणि जीभ चावावीशी वाटली. जागच्या हलल्या मात्र नाहीत.

“काही नाही झालं,” अमरदीप म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. “लेस नवीन आहे काकू. चलो, बांधतो.”

तेवढ्यात भिवाजी बसकडून परत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आता हे काहीतरी मोठं बोलणार, मंडळी खोळंबलीत म्हणणार, या धास्तीनं सरुबाई एक पाऊल पुढे झाल्या. पण भिवाजी गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पायरीपुढे खाली जमिनीवर बसले. पुतण्याचा पाय त्यांनी ओढून आपल्या मांडीवर घेतला, पांढऱ्या विजारीवर, बुटासकट, आणि लेस धरली. एक गाठ घातली. ती सुटली. दुसरी घातली. त्यांच्याही बोटांना लेस सापडत नव्हती.

“काका, राहू दे.”

“थांब जरा.”

बाहेर हॉर्न वाजला. भिवाजींनी वर बघितलं नाही, तसबिरीकडेही बघितलं नाही. लेस हातात तशीच होती. ते बुटाशी बोलावं तसं बोलायला लागले, आणि इतकी वर्षं घडी घालून ठेवलेल्या बोलीत बोलले.

“सरू, चष्म्याचं घर म्या जिन्यात इसरलो नव्हतो गं. तुझ्या आधी मीच हुतो तिथं, पोराकडं बघत.” मग त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला. “हिम्मतराव, पोरगं भ्यालंय. आन् त्येच्यापरीस जास्त मी भ्यालोय.”